डाव्या हाताचे पंधराशे एक्याऐंशी गोल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



आज मी तुम्हांला एका खेळाडूची गोष्ट सांगणार आहे. तिचं नाव ग्रिट युराक. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय, त्यांनी हात वर करा, असं मी वर्गात म्हटलं असतं. रेडिओवर ती सोय नाही. पण वर्गात विचारलं तेव्हा एकही हात वर आला नव्हता, हेही सांगून टाकते. त्यात मुलांचा काहीच दोष नाही. ज्या जर्मनीत ती जन्मली, त्या जर्मनीतही रस्त्यावरून चालली तर सगळेच तिला ओळखतील असं नाही.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते, बत्तीस वर्षं. कबड्डी, खो-खो तर होतंच, पण माझा स्वतःचा खेळ हँडबॉल. आमच्या वेळी मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा आणि गोलाला जाळी नाही, असा तो प्रकार होता. चेंडू गोलात गेला की तो आणायला ओढ्यापर्यंत पळायचं. मी डावखुरी. घरी जेवताना, नमस्कार करताना, प्रसाद घेताना या डाव्या हातावर आजीच्या चापट्या खाल्लेल्या. आणि मैदानावर मात्र आमचे सर म्हणाले, "तू उजव्या बाजूला उभी राहा, आणि हाच हात वापर." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तो हात वापरायला सांगितला.

हे सरांनी का सांगितलं, ते आधी समजावते, कारण युराकची सगळी कारकीर्द त्या एका गोष्टीवर उभी आहे.

हँडबॉलचं मैदान चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. एका बाजूला सात जण, एक गोलरक्षक आणि सहा खेळाडू. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. गोलासमोर सहा मीटरवर एक कमानीसारखी रेषा असते. तिच्या आत फक्त गोलरक्षकानं उभं राहायचं. त्या रेषेवर समोरच्या संघाचे सहा जण हात वर करून भिंतीसारखे उभे राहतात, आणि तुम्हांला त्या भिंतीवरून, भिंतीतून नाहीतर भिंतीच्या कडेनं चेंडू आत घालायचा असतो. चेंडू हातात धरून तीनच पावलं टाकता येतात, आणि तीन सेकंदांहून जास्त तो जवळ ठेवता येत नाही. एक गंमत मात्र आहे. रेषेच्या आत पाय टेकवायचा नाही, पण हवेतून जायला बंदी नाही. म्हणून खेळाडू रेषेच्या बाहेरून झेप घेतात आणि जमिनीवर पडायच्या आधी चेंडू सोडतात. पडणं ठरलेलंच असतं. कोपरं आणि ढोपरं सोलवटली नाहीत असा हँडबॉलपटू मी तरी पाहिलेला नाही.

आता उजव्या बाजूनं उजव्या हाताचा खेळाडू चेंडू फेकू लागला, तर त्याचा हात बाहेरच्या कडेला येतो. गोल त्याला तिरपा, अरुंद दिसतो. तिथेच डावखुरा उभा केला, की त्याचा हात मैदानाच्या मध्याकडे येतो आणि सबंध गोल त्याच्यासमोर उघडतो. दार तेच, पण एकाला फटीतून बघावं लागतं आणि दुसऱ्याला सताड उघडं मिळतं. दहा माणसांत एखादंच डावखुरं सापडतं, आणि प्रत्येक संघाला तर उजव्या बाजूला निदान दोन तरी हवे असतात. म्हणून चांगला डावखुरा मिळाला की प्रशिक्षक त्याला जपतात.

ग्रिट युराक ही अशी डावखुरी. जन्म २२ ऑक्टोबर १९७७, गाव लाइपझिग. तेव्हा लाइपझिग पूर्व जर्मनीत होतं. पूर्व जर्मनीत मुलींचा हँडबॉल हे सरकारनं मनावर घेतलेलं काम होतं. १९७१, १९७५ आणि १९७८ असं तीनदा त्या एवढ्याशा देशाच्या बायकांनी जगज्जेतेपद मिळवलं. १९७६ला माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये बायकांचा हँडबॉल पहिल्यांदा आला, तेव्हा त्यांना रौप्य मिळालं. लाइपझिगचा क्लब तर १९६६ आणि १९७४ साली युरोपचा अजिंक्य क्लब ठरला होता. खेळाकडे कल असलेल्या मुली लहानपणीच हेरायच्या, क्रीडाशाळेत घालायच्या, प्रशिक्षक, डॉक्टर, जेवण सगळं सरकारचं. त्या व्यवस्थेची काळी बाजूही आता जगाला माहीत आहे. अनेक खेळांतल्या कोवळ्या मुलींना न सांगता उत्तेजक द्रव्यं दिली गेली. तो विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

तारखा बघा कशा जुळतात. ९ ऑक्टोबर १९८९ला सोमवारच्या संध्याकाळी लाइपझिगमध्ये सत्तर हजार लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार होईल अशी धास्ती होती, पण तो झाला नाही. त्या संध्याकाळनंतर तेराव्या दिवशी ग्रिटला बारावं वर्ष संपलं. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली, आणि वर्ष होत नाही तोच तो देशच नाहीसा झाला. आपल्या बाराव्या वर्षी आपल्या गावचा तालीमवाला, त्याची तालीम आणि तालमीला पैसे देणारं सरकार हे सगळं एकदम बदललं तर काय होईल, याची मी कल्पना करून बघते. जुन्या क्लबांनी नवी नावं घेतली आणि पुरस्कर्ते शोधायला सुरुवात केली. काही टिकले, बरेच बुडाले. लाइपझिगचा टिकला.

एकत्र झालेल्या जर्मनीच्या बायकांनी १९९३ साली ऑस्लोमध्ये डेन्मार्कला जादा वेळेत एका गोलानं हरवून जगज्जेतेपद जिंकलं. पूर्वेची तयारी आणि पश्चिमेचा पैसा एकत्र आल्यावर आता हा देश दहा वर्षं कुणाला ऐकणार नाही, असंच सगळ्यांना वाटलं असणार. ते त्यांचं शेवटचं जगज्जेतेपद ठरलं.

युराक राष्ट्रीय संघात आली १९९६ साली. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धा जर्मनीत झाली आणि जर्मनीला कांस्य मिळालं. वय वर्षं वीस, घरचं मैदान, गळ्यात पदक. १९९८ आणि १९९९, लागोपाठ दोन वर्षं लाइपझिग जर्मनीचा अजिंक्य क्लब झाला. इथपर्यंत ही एखाद्या सुखी कारकिर्दीची सुरुवात वाटते.

पण २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकला जर्मन बायकांचा संघ पात्रच ठरला नाही. २००४ला अथेन्सलाही नाही. म्हणजे तेवीस ते सत्तावीस, खेळाडूच्या आयुष्यातली ऐन भराची वर्षं, आणि ऑलिंपिक घरी बसून बघायचं. यात एकट्या युराकला काही करता येण्यासारखं नव्हतं. सांघिक खेळात तुम्ही कितीही चांगले असलात, तरी शेजारचा जेवढा चांगला तेवढेच तुम्ही. धावपटूला निदान स्वतःच्या पायांवर तरी रागावता येतं.

त्या काळात बायकांच्या हँडबॉलचं सगळं वारं डेन्मार्ककडे वाहत होतं. एवढासा देश, पण १९९६, २०००, २००४ अशी ओळीनं तीन ऑलिंपिक सुवर्णं त्यांनी घेतली. बायकांचे सामने दूरदर्शनवर दिसायचे, सभागृहं भरायची. त्यामुळे जाहिरातदार यायचे, आणि त्यामुळे क्लब परदेशी खेळाडूंना बरे पैसे देऊ शकायचे. जर्मनीत पुरुषांचा हँडबॉल म्हणजे मोठी सभागृहं आणि मोठे करार. बायकांच्या लीगला त्याची सर कधीच नव्हती. तेव्हा चांगल्या जर्मन खेळाडू उत्तरेकडे निघाल्या. नादिने क्राउझं हिला २००६ची जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी तीही कोपनहेगनला गेली. युराक तिच्या आधी गेली होती. आधी युटलंडमधल्या इकास्तच्या क्लबकडे, आणि २००४पासून विबोर्गकडे.

विबोर्ग हे नाव नकाशात शोधायला मला भिंग घ्यावं लागलं होतं. पस्तीस-चाळीस हजार वस्तीचं, जुन्या कॅथेड्रलचं गाव. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. आणि त्या गावातल्या बायकांच्या क्लबनं युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत धडका मारायच्या! १९९७ला ते अंतिम फेरीत हरले. २००१ला पुन्हा हरले, स्लोव्हेनियातल्या क्रिम लुब्लियानाकडून. २००६ला युराक संघात असताना त्याच क्रिमला हरवून विबोर्गनं पहिल्यांदा चषक घेतला. मग २००९ला हंगेरीच्या ग्योरला हरवून, आणि २०१०ला रुमानियाच्या ओल्टकिमला हरवून. पाच हंगामांत तीन चषक. त्यातल्या शेवटच्या दोन वेळी संघात माँटेनेग्रोची बोयाना पोपोविच होती, गोलात नॉर्वेची कात्रिने लुंडे होती. म्हणजे देशोदेशीच्या बायका त्या छोट्या गावात जमून कामाला जाव्यात तशा रोज सरावाला जात होत्या, आणि उजवीकडून डाव्या हातानं गोल करणारी होती लाइपझिगची ग्रिट.

माझ्या मते तिचं सगळ्यांत चांगलं काम हे विबोर्गमधलं. जर्मनीतल्या हँडबॉलच्या जाणकारांना हे पटणार नाही, ते देशासाठी केलेले गोल मोजतील. तर तेही मोजू. देशासाठी ३०६ सामने आणि १५८१ गोल. दोन्ही जर्मन बायकांच्या संघातले उच्चांक, आजही. सरासरी काढली तर दर सामन्याला पाचाहून थोडे जास्त. समोर भिंत, मागून ओढणारे हात, पडल्यावर उठून पुन्हा मागे पळायचं, आणि सोळा वर्षं दर वेळी पाच. मला त्या मोठ्या आकड्यापेक्षा हा पाचाचा आकडा जास्त दिपवतो.

आणि त्याचं फळ काय? १९९७चं कांस्य मी सांगितलंच. युरोपीय स्पर्धेत २००६ला चौथा क्रमांक, २००८ला पुन्हा चौथा. चौथा क्रमांक हा मोठा दुष्ट असतो. आठव्या नंबरच्या माणसाला रात्री झोप लागते, चौथ्याला लागत नाही. या दोन चौथ्यांच्या मधे डिसेंबर २००७. जागतिक स्पर्धा फ्रान्समध्ये होती. उपांत्य फेरीत नॉर्वेकडून हरल्यावर जर्मनीची तिसऱ्या क्रमांकासाठी रुमानियाशी गाठ पडली. साठ मिनिटांत निकाल लागला नाही. जादा वेळ खेळवला, आणि ३६ विरुद्ध ३५, एका गोलानं जर्मनी जिंकली. पहिल्या कांस्यानंतर बरोबर दहा वर्षांनी युराकच्या गळ्यात दुसरं कांस्य पडलं.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत जर्मनीच्या पुरुषांनी कोलोनला घरच्या प्रेक्षकांसमोर जगज्जेतेपद जिंकलं होतं. कोट्यवधी लोकांनी तो अंतिम सामना दूरदर्शनवर पाहिला, मिरवणुका निघाल्या, त्यावर चित्रपटही निघाला. डिसेंबरच्या कांस्यासाठी तसं काही झालं नाही. कांस्य आणि सुवर्ण यांत फरक असणारच, हे मला मान्य आहे. पण १९९३ला बायकांनी सुवर्णच आणलं होतं.

इथे थोडं आडवळणाला जाते. हा खेळ मुळात कुणाचा? जर्मन म्हणतात आमचा, डॅनिश म्हणतात आमचा. डॅनिश लोक होल्गर निल्सेन नावाच्या शाळामास्तराचं नाव घेतात. त्यानं १९०६ साली नियम छापले. फुटबॉलनं शाळेच्या खिडक्या फुटतात म्हणून त्याला हा हातानं खेळायचा खेळ सुचला, असं सांगतात. एका शिक्षिकेला ही कथा आवडणारच. जर्मन लोक २९ ऑक्टोबर १९१७ ही तारीख देतात. पहिलं महायुद्ध चालू होतं, आणि बर्लिनमध्ये माक्स हायझर यानं त्या दिवशी एका खेळाचे नियम ठरवले आणि त्याला हँडबॉल हे नाव दिलं. तो खेळ त्यानं बायकांसाठी केला होता, खास बायकांसाठी. अंगाला अंग लागू द्यायचं नाही असा. दोन वर्षांनी कार्ल शेलेन्स या दुसऱ्या शिक्षकानं नियम बदलले, धक्काबुक्की आणली, आणि मग तो पुरुषांना आवडू लागला. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो खेळवला गेला तेव्हा मैदानात फक्त पुरुष होते. ज्यांच्यासाठी खेळ काढला, त्यांना ऑलिंपिकमध्ये यायला १९७६ साल उजाडलं.

युराकला ऑलिंपिक मिळालं ते एकदाच. २००८, बीजिंग. तेव्हा तिला तिसावं वर्ष संपून एकतिसावं चालू होतं. बारा संघ होते, जर्मनी अकरावी आली. एवढंच.

२०१६ साली माझी मुलगी शिक्षणासाठी लाइपझिगला होती, तेव्हा मी महिनाभर तिच्याकडे राहिले. सोमवारच्या प्रार्थना जिथे व्हायच्या ते निकोलाय चर्च पाहिलं, बाख जिथे नोकरीला होता ते चर्च पाहिलं, आणि मग मुलीला म्हटलं, "मला तुझी चर्चं पुरे झाली, इथे हँडबॉल असेल तिथे घेऊन चल." क्लबचा सामना होता. सभागृहात गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. चेंडू हातातून निसटू नये म्हणून खेळाडू बोटांना राळेसारखा चिकट पदार्थ लावतात, त्याचा. आम्ही त्यासाठी माती लावायचो. शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, गळ्यात क्लबचा रुमाल. मुलीच्या मदतीनं आमचं बोलणं झालं. मी माझा डावा हात वर करून फेकण्याची खूण केली आणि उजव्या बाजूकडे बोट दाखवलं. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं, "ग्रिट." आडनाव नाही, काही नाही. आपण लता म्हणतो तसं.

पुढच्याच वर्षी, २०१७ला, त्या क्लबचं दिवाळं निघालं. लीगचा परवाना गेला, आणि सहा वेळा जर्मनीचा अजिंक्य ठरलेला क्लब एकदम तिसऱ्या श्रेणीत फेकला गेला. भिंत पडली तेव्हा जो टिकला होता, तो हिशेबाच्या वहीत बुडाला.

युराक तोवर खेळायची थांबली होती. २०१२ साली खांद्याच्या दुखापतीनं तिला थांबवलं. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. फेकताना हात मागे नेऊन जो पिळला जातो, त्यात खांद्याच्या सांध्यावर केवढा ताण येतो ते फेकणाऱ्यालाच ठाऊक. आणि चेंडू सुटल्यावर तो वेगानं पुढे जाणारा हात थांबवावा लागतो. ते काम खांद्यामागचे लहान लहान स्नायू करतात. सामन्यातली एक फेक लोक बघतात, तिच्यामागे सरावातल्या शेकडो असतात. समोरच्याचा काम असतं तो हात धरणं. उडी मारलेल्या माणसाचा फेकणारा हात हवेत मागून ओढला, तर काय होतं ते मला सांगायला नको. माझा खांदा एकविसाव्या वर्षी गेला. विद्यापीठाच्या सामन्यात, सिमेंटच्या मैदानावर. अजूनही मला डाव्या हातानं वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. मी एकवीसला थांबले, ती पस्तिशीला. मधली ती चौदा वर्षं कशी असतात, याचं मला कुतूहल आहे, म्हणून तर तिच्यामागे लागले.

ती गेल्यावर जर्मन बायकांना जागतिक स्पर्धेत पदक मिळायला बराच वेळ लागला. २००७नंतर थेट २०२५. त्या डिसेंबरात स्पर्धा जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये होती, अंतिम सामना रॉटरडॅमला. नॉर्वेकडून हरून जर्मनीला रौप्य मिळालं. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकलाही संघ गेला होता, सोळा वर्षांनी. आता खेळणाऱ्या मुलींपैकी काहींचा २००७ साली जेमतेम शाळेत प्रवेश झाला असेल.

आता मी हे सगळं का सांगत बसले, ते. निवृत्त झाले तरी मी संध्याकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर जाते. तिथे आठवीतली एक मुलगी आहे. डावखुरी, उंच, हाताला वेग आहे. तिनं एक दिवस चेंडू काखेत धरून मला विचारलं, "बाई, ह्यात पुढं काय मिळतं?" प्रश्न तिचा नव्हता, घरून आला होता, हे मला कळलं. पण विचारला तिनं होता. मला पटकन उत्तर देता आलं नाही. राखीव जागेतली सरकारी नोकरी, स्पर्धेचे वाढीव गुण, हे सगळं मी सांगू शकले असते, आणि ते खरंही आहे. पण मी तिला दुसऱ्या दिवशी युराकची गोष्ट सांगितली. जशी तुम्हांला सांगितली तशीच, अकरावा नंबर आणि खांदा यांच्यासकट. लपवून काय करायचं?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे दोन पितळ्याची?"

मी म्हटलं, "अगं, कांस्य म्हणतात त्याला. आणि क्लबचे तीन चषक विसरलीस."

"आणि गोल किती म्हणालात?"

"पंधराशे एक्याऐंशी."

"सगळे डाव्यानं?"

याचं उत्तर मला खरंच माहीत नाही. एखादा उजव्यानंही झाला असेल, गर्दीत होतो कधी कधी. पण मी हो म्हटलं. खोटं बोलले. ती पोरगी तशीच पळत गेली आणि उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. आमच्या गोलाला आता जाळी आहे, पण खालून फाटलेली, त्यामुळे चेंडू आणायला अजूनही ओढ्याकडे जावंच लागतं. नवीन जाळीसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिलेला आहे. जिल्ह्याच्या सामन्यांच्या आत ती आली तर बरं होईल.